एकच पेशंट, तीन हॉस्पिटलं आणि अल्ब्युमिनच्या बाटल्या

मिठगर — ९ जुलै, रात्री ९:५२

घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडायची सवय नाही, पण गेले अडीच महिने डोक्यात एकच भुंगा आहे, म्हणून धागा काढतोय.

बाबा ६९ वर्षांचे. आम्ही वेंगुर्ल्याजवळचे. वीस वर्षांची साखर, त्यातून लिव्हर आकसलं. (दारूचा थेंब घेतलेला नाही. तरी 'लिव्हर' म्हटलं की भेटायला येणारा प्रत्येक जण आधी भुवई उंचावतो आणि मग बिस्किटचा पुडा पुढे करतो.) एप्रिलच्या शेवटी पोट फुगलं, पायावर बोट दाबलं की खळगा राहायला लागला.

पहिलं हॉस्पिटल, तालुक्यातलं खाजगी. रक्तात अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) २.३ निघालं. डॉक्टर म्हणाले, "साडेतीन तरी पाहिजे, भरून काढावं लागेल." रोज एक बाटली, २० टक्क्यांची, १०० मिलीची. पाच दिवस. बाटलीला पाच हजारांच्या आसपास, त्याही सात आणून ठेवायला सांगितल्या. सहाव्या दिवशी रिपोर्ट २.७. आम्ही खूश. पोट मात्र होतं तेवढंच. पंधरा दिवसांनी दुसरीकडे रक्त तपासलं तर पुन्हा २.४.

दुसरं हॉस्पिटल, जिल्ह्याच्या गावचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले आणि विचारलं, "हे कशासाठी दिलं होतं?" मला काय माहीत कशासाठी! अल्ब्युमिन कमी होतं म्हणून, असं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. लघवीच्या गोळ्या लिहून दिल्या, मीठ तोडलं, रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगितलं. एकही बाटली नाही.

तिसरं हॉस्पिटल घाटावरचं. जूनमध्ये पोट इतकं ताठ झालं की बाबांना आडवं पडता येईना. तिथे सुई घालून सात लिटर पाणी काढलं आणि त्याच दिवशी तीन बाटल्या अल्ब्युमिन. या वेळी रक्तातलं अल्ब्युमिन किती, ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

म्हणजे एकाने आकडा बघून दिलं, एकीने आकडा बघून दिलं नाही, आणि एकाने आकडा न बघताच दिलं. यात बरोबर कोण? साधी मिठाची सलाईन सगळीकडे सारखीच लागते, मग या एका बाटलीचा प्रत्येक दारात वेगळा कायदा का?

आणि उरलेल्या दोन बाटल्या आमच्या फ्रीजमध्ये आहेत. मेडिकलवाला परत घेत नाही.

---

बांगडा_फ्राय — ९ जुलै, रात्री १०:१५

उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. पाच हजार गुणिले सात. कट प्रॅक्टिस. पुढचा पेशंट.

---

सुरंगी — ९ जुलै, रात्री ११:४०

नाइटला आहे, राउंड आटोपला म्हणून लिहिते. मी रत्नागिरी भागात आयसीयूत सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली.

बांगडा, इतकं सोपं नसतं हो. माझ्याच युनिटला तीन कन्सल्टंट येतात. एक पेशंटला हात लावण्याआधी अल्ब्युमिनचा रिपोर्ट बघतात आणि तीनच्या खाली असेल तर इंडेंट (बाटल्या मागवायची चिठ्ठी) लिहितात. दुसरे आठ-आठ दिवस लिहीत नाहीत. तिसरे म्हणतात, आधी नातेवाइकांशी बोलतो. तिघांचेही पेशंट बरे होतात, तिघांचेही दगावतात. मेडिकल एकच आहे, त्यामुळे पैशाचं म्हणाल तर तिघांना सारखंच.

ही बाटली कधी जवळून बघितली आहे का कुणी? काचेची असते, आतलं पाणी पातळ मधासारखं पिवळसर. हलवली की फेस येतो, म्हणून नवीन मुलींना मी आधी सांगते, हलवायची नाही. गढूळ दिसली तर लावायची नाही. काचेची असल्यामुळे हवा आत घेणारा सेट लागतो, नाहीतर थेंब मध्येच थांबतो आणि नातेवाईक घाबरून धावत येतात. उघडली की चार तासांत संपवायची. बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर काढून केस पेपरवर चिकटवायचा, कारण हे माणसाच्या रक्तातून काढलेलं आहे.

आणि एक बघितलेलं सांगते. एका आजींना दिवसाला दोन अशा चालू होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना झोपून राहवेना, छातीत घरघर. मी पाठ उंच केली, बाटली बंद केली, डॉक्टरांना उठवलं. फुफ्फुसात पाणी उतरलं होतं. तेव्हापासून 'ताकदीची बाटली' हा शब्द ऐकला की मला राग येतो.

---

तिरफळ — १० जुलै, सकाळी ७:०५

सुरंगीताई, ताकदीची बाटली आमीच म्हणतंव, डाक्टर नाय. आमच्या वाडयेत सलाईन लावल्याशिवाय डाक्टर चांगलो वाटणा नाय. आणि साध्या सलायनीपेक्षा पिवळी बाटली लावली तर गावभर सांगत फिरतत, "पाच हजाराची लावल्यानी!" मगे डाक्टरान नको म्हटल्यान तर आमीच म्हणतलंव, ह्येका काय येणा नाय.

---

डॉ_खाडी — १० जुलै, दुपारी २:३०

मी फिजिशियन आहे, कोकणातच. मिठगर, तुमच्या बाबांचे कागद न बघता कोण बरोबर ते सांगणार नाही. पण हा गोंधळ का होतो ते सांगता येईल.

अल्ब्युमिन हे लिव्हर तयार करतं, धडधाकट माणसात दिवसाला दहा-बारा ग्रॅम. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्याचं मोठं काम त्याचं. त्यामुळे ते कमी झालं, सूज आली, तर वरून भरा, हा विचार सरळ वाटतो. मीही शिकत असताना तसाच लिहायचो, कारण आमचे सर तसं लिहायचे.

फसगत इथे आहे. शरीरातल्या एकूण अल्ब्युमिनपैकी निम्म्याहून जास्त रक्ताबाहेर, पेशींच्या मधल्या जागेत असतं. तुमच्या बाटलीत २० ग्रॅम. ते काही वेळ रक्तात राहतं आणि मग त्या मोठ्या साठ्यात पसरतं. भरतीच्या वेळी खाडीत कळशी ओतल्यासारखं. रिपोर्ट दोन दिवस वर सरकतो, मग परत खाली. २.३ चं २.७ आणि २.७ चं २.४, हे तुम्ही स्वतःच मोजलंत. लिव्हर बनवत नाही तोवर तो आकडा तिथेच येणार. आकडा ही आजाराची खूण आहे. ती पुसल्याने आजार पुसला जात नाही.

लेप्टो (पावसाळ्यातला जंतूंचा ताप) किंवा दुसऱ्या मोठ्या जंतुसंसर्गात तर रक्तवाहिन्याच झिरपायला लागतात, तेव्हा अल्ब्युमिन दोन दिवसांत धाडकन खाली येतं. पावसाळ्यात आम्ही हे सतत बघतो. तिथेही आधी साधी सलाईन. ती खूप द्यावी लागली आणि तरी प्रेशर धरत नसेल तर मग अल्ब्युमिनचा विचार.

पण लिव्हर आकसलेल्या पेशंटमध्ये तीन प्रसंग असे आहेत जिथे मी स्वतः हट्टाने लिहितो, आणि तिथे आकडा बघत नाही.

पहिला, पोटातलं पाणी पाच लिटरच्या वर काढलं तर. एकदम एवढं पाणी गेलं की पुढच्या काही दिवसांत रक्ताभिसरण ढासळतं आणि किडनी मार खाते. म्हणून काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम. तुमचे सात लिटर, आठने गुणा: ५६ ग्रॅम. तीन बाटल्या म्हणजे ६०. घाटावरच्या डॉक्टरांचा हिशोब असा होता. रक्तातला आकडा त्यांना लागलाच नाही, कारण ते आकडा भरत नव्हते, किडनी वाचवत होते.

दुसरा, पोटातल्या पाण्यातच जंतुसंसर्ग झाला तर. याचा प्रयोग बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये छापला. १२६ पेशंट. निम्म्यांना नुसतं अँटिबायोटिक, निम्म्यांना त्याबरोबर अल्ब्युमिन. किडनी बिघडली नुसत्या अँटिबायोटिकवाल्यांत ३३ टक्क्यांची, अल्ब्युमिनवाल्यांत १० टक्क्यांची. हॉस्पिटलात मृत्यू २९ टक्के आणि १० टक्के. एवढा फरक आमच्या धंद्यात क्वचित दिसतो. डोस: पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम.

तिसरा, लिव्हरपायी किडनी बंद पडायला लागली तर. तिथे टर्लिप्रेसिन नावाच्या औषधाबरोबर.

आता माझं खरं दुखणं ऐका. साठ किलोच्या माणसाला दुसऱ्या प्रसंगात ९० अधिक ६०, म्हणजे १५० ग्रॅम लागतं. साडेसात बाटल्या. तो प्रसंग येतो तेव्हा घरचे म्हणतात, "डॉक्टर, आधीच आठ-दहा लावून झाल्या, आता गहाण ठेवायला काही नाही." आधीच्या आठ-दहा आकडा सजवण्यात गेलेल्या असतात. हे मी एकदा नाही, अनेकदा ऐकलंय.

---

माहेरवाशीण — १० जुलै, दुपारी ३:१०

डॉक्टर, माझ्या सासऱ्यांना रोज सहा अंड्यांचा पांढरा बलक देतोय. अल्ब्युमिन त्यातच असतं ना?

---

डॉ_खाडी — १० जुलै, दुपारी ३:४५

अंड्यातलं अल्ब्युमिन वेगळं, आणि पोटात गेल्यावर ते पचतं, जसंच्या तसं रक्तात जात नाही. पण देताय ते चांगलंच आहे. लिव्हरच्या पेशंटचे प्रोटीन उगाच तोडतात. अंडी, मासे, डाळ, दूध सगळं चालतं, आणि रात्री झोपताना काहीतरी खाऊन झोपू दे, रात्रभर उपाशी नको.

तोडायचं ते मीठ. आणि आपल्याकडे 'मीठ कमी खातो' म्हणणाऱ्याच्या ताटात सुकट असते, खारवलेला बांगडा असतो, भाजलेला पापड, लोणच्याची फोड आणि वर मीठ घातलेली सोलकढी. गेल्याच महिन्यात एका काकांच्या पोटातलं पाणी गोळ्यांना दाद देईना. विचारता विचारता कळलं, भाजीत मीठ नाही म्हणून पेजेबरोबर रोज खारातली कैरी खातात. हो, आणि कालवं-तिसऱ्या पूर्ण शिजवलेल्याच. अर्धकच्च्या शिंपल्यांतला जंतू अशा पेशंटच्या जिवावर उठतो.

---

औषधवाला_भाऊ — १० जुलै, रात्री ८:२०

माझं मेडिकल आहे, महामार्गालगत. दोन शब्द आमच्या बाजूने.

एक, परत का घेत नाही. फ्रीजमधून बाहेर गेलेला माल कुठे ठेवला होता हे आम्हाला कळायचा मार्ग नाही. गाडीच्या डिकीत मे महिन्यात दोन तास राहिला असेल तर? तो पुढच्या पेशंटला विकायचा का? तुम्ही आम्ही दोघेही नको म्हणू.

दोन, वापरातला फरक आमच्या स्टॉकमधून स्वच्छ दिसतो. शेजारच्या दोन नर्सिंग होमपैकी एकाला महिन्याला पेटी लागते, दुसऱ्यासाठी ठेवलेल्या दोन बाटल्यांची तारीख संपत आली की मीच फोन करून विचारतो. पेशंट त्याच पंचक्रोशीतले. त्यामुळे आजार वेगळे म्हणून फरक, हे मला पटत नाही. डॉक्टर बदलून गेले की खप बदलतो, हे मात्र तीनदा पाहिलं.

बांगडासाहेब, मार्जिन असतं, नाही म्हणत नाही. एमआरपी आणि आमची खरेदी यात अंतर आहे. ज्यांच्या हॉस्पिटलाचं मेडिकल घरचंच, त्यांना मोह होत नसेल असं छातीठोक सांगणार नाही.

---

कातळशिल्प — १० जुलै, रात्री ११:३०

हा विषय माझ्या आवडीचा, कारण यात सगळं जगच एकमेकांत भांडतंय. कोकण त्यात उगाच बदनाम.

थोडं मागे जातो. १९४० च्या सुमारास हार्वर्डमधल्या एडविन कोहन यांनी थंड अल्कोहोल वापरून रक्तद्रवातले घटक वेगळे काढायची पद्धत बसवली. कारण युद्ध. रक्त वाहून नेणं कठीण, ही बाटली खिशात मावते. १९४१ मध्ये पर्ल हार्बरला भाजलेल्या खलाशांना ती दिली गेली आणि तिथून ती जगभर गेली. मोठी तुलनात्मक चाचणी न होता. चांगली दिसली, वापरली, शिकवली. पन्नासेक वर्षं असंच.

१९९८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३० छोट्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष आला की अल्ब्युमिन दिलेल्या दर शंभर अत्यवस्थ पेशंटमागे सहा मृत्यू जास्त. बोंबाबोंब झाली. तेव्हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या १६ आयसीयूंनी सरळ परीक्षाच घेतली: ६,९९७ पेशंट, निम्म्यांना ४ टक्क्यांचं अल्ब्युमिन, निम्म्यांना साधी सलाईन. २००४ मध्ये निकाल. २८ दिवसांत मृत्यू अल्ब्युमिनकडे ७२६, सलाईनकडे ७२९. म्हणजे ते विषही नाही आणि अमृतही नाही.

एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा. त्यातल्याच डोक्याला जबर मार लागलेल्या ४६० जणांचा नंतर पाठपुरावा केला. दोन वर्षांत मृत्यू अल्ब्युमिनवाले ३३ टक्के, सलाईनवाले २० टक्के. आपल्या महामार्गावर बाइकवरून पडलेल्याच्या नातेवाइकांनी भारीतली बाटली लावा म्हणून हट्ट धरू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

आता मिठगर यांच्या मूळ प्रश्नाकडे. २०१० मध्ये आणखी एक अभ्यास छापला गेला: २५ देशांतल्या ३९१ आयसीयूंत, कुणाला कुठला द्रव चढवला जातो याची नुसती मोजदाद. दिसलं असं की पेशंट किती आजारी आहे यापेक्षा तो कुठल्या देशात, कुठल्या आयसीयूत पडलाय यावर बाटली ठरते. तिथल्या रिवाजावर. औषधवाला_भाऊंच्या दोन नर्सिंग होमची गोष्ट जगाच्या मापाने.

डॉक्टर, एक शंका. इटलीतल्या २०१८ च्या अभ्यासात अशाच पोटात पाणी असलेल्या पेशंटना आठवड्याला ४० ग्रॅम अल्ब्युमिन दीड वर्षापर्यंत दिलं आणि जगण्याचं प्रमाण ६६ वरून ७७ टक्क्यांवर गेलं. मग पहिल्या हॉस्पिटलाचं काय चुकलं?

---

डॉ_खाडी — ११ जुलै, सकाळी ६:५०

चांगल्या जागी बोट ठेवलंत. ओपीडी सुरू होण्याआधी लिहितो.

इटलीचा अभ्यास खरा आहे. पण तिथे पाच दिवस नव्हते, दीड वर्ष होतं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग दर आठवड्याला. हिशोब करा: वर्षाला ५४ खेपा, खेपेला दोन बाटल्या, १०८ बाटल्या. मिठगर यांनी सांगितलेल्या दराने पाच लाख चाळीस हजार. शिवाय दर आठवड्याला म्हाताऱ्या माणसाला घाट चढवायचा. इटलीत तो खर्च सरकार उचलतं.

उलट ब्रिटनमध्ये २०२१ ला पहिल्या हॉस्पिटलाने केलं नेमकं तेच तपासलं. दाखल झालेले सिरॉसिसचे (म्हणजे लिव्हर आकसलेले) साडेसातशेच्या वर पेशंट, निम्म्यांना रोज अल्ब्युमिन देऊन रक्तातला आकडा तीनवर न्यायचा. आकडा वर गेला. जंतुसंसर्ग, किडनी, मृत्यू यांत फरक शून्य. फुफ्फुसात पाणी होण्याचे प्रकार मात्र त्या गटात जास्त. सुरंगी यांच्या आजी आठवा.

म्हणून मी पहिल्या डॉक्टरांना चोर म्हणणार नाही. त्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी शिकलेलं केलं. आम्हा गावातल्या डॉक्टरांना नवीन काय आलं ते सांगणारा बहुतेक वेळा कंपनीचा माणूस असतो, आणि तो इटली सांगतो, ब्रिटन सांगत नाही.

---

रातांबा — ११ जुलै, सकाळी ९:१५

मुंबईतून. आईच्या बायपासनंतर तिला चार बाटल्या लागल्या. शेजारच्या काकांचं ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात, त्यांना एकही नाही. आम्ही समजत होतो आईची केस गंभीर होती! हृदयाच्या ऑपरेशनलाही असाच घोळ आहे का?

---

कातळशिल्प — ११ जुलै, सकाळी ९:५०

रातांबा, आहे. हेलसिंकीला २०२२ मध्ये जवळजवळ चौदाशे हृदयशस्त्रक्रियांत ४ टक्के अल्ब्युमिन विरुद्ध साधा द्रव असा सामना झाला. मोठ्या गुंतागुंती अल्ब्युमिनकडे ३७ टक्के, दुसरीकडे ३४. फायदा नाही, रक्तस्राव थोडा जास्तच. तरी कित्येक ठिकाणी पंपात (ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणाऱ्या यंत्रात) अल्ब्युमिन घालायची प्रथा चालू आहे. आईची केस गंभीर होतीच असं यावरून धरू नका.

---

पागोळी — ११ जुलै, दुपारी १२:४०

आमचा सात वर्षांचा मुलगा नेफ्रोटिकचा, म्हणजे किडनीच्या आजाराचा पेशंट. त्याचं अल्ब्युमिन लघवीतून जातं, सकाळी डोळे सुजून चिमणीच्या डोळ्यांएवढे बारीक होतात. पहिल्या वेळी बाटली लावली, लघवीचं इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत सूज उतरली आणि आम्हाला वाटलं हाच इलाज. दुसऱ्या वेळी वेगळ्या डॉक्टरांनी फक्त स्टेरॉइड वाढवलं. मी भांडले त्यांच्याशी, शप्पथ. ते म्हणाले, "बादलीला भोक आहे. पाणी ओतू की भोक बुजवू?" आठ दिवसांत लघवीतला फेस गेला. सूज फारच असेल, श्वास अडत असेल, तेव्हाच बाटली, असं त्यांचं म्हणणं. आता रोज सकाळी लघवीची पट्टी मी स्वतः बघते.

---

बांगडा_फ्राय — ११ जुलै, दुपारी १:०५

बरं, माघार. पण अर्धीच. रिवाज म्हणा नाहीतर अज्ञान, पैसे आमचेच जातात. पेशंटने करायचं काय? तिथे उभं राहून २०२१ चा ब्रिटन सांगायचा?

---

सुरंगी — ११ जुलै, संध्याकाळी ५:३०

ब्रिटन नको. मिठगर यांच्या दुसऱ्या हॉस्पिटलातल्या मॅडमनी विचारलं तेच विचारा: कशासाठी? "पाणी काढलंय म्हणून", "पोटात इन्फेक्शन आहे म्हणून", "किडनीसाठी" असं उत्तर आलं तर बाटल्या आणायला धावा. नुसतं "कमी आहे म्हणून" आलं, तर किती दिवस देणार आणि कधी थांबणार ते नम्रपणे विचारा. आणि एकदम सात आणून ठेवू नका. मेडिकल रात्रीही उघडं असतं.

---

मिठगर — १९ जुलै, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. धागा वर काढतोय, कारण काल पुन्हा पाणी काढायची वेळ आली.

वजनाची वही बरोबर नेली होती. मीठ तोडल्यापासून पोट हळू भरतंय. पाच आठवड्यांनी गेलो. त्याआधी फ्रीजमधल्या बाटल्यांचं लेबल भिंग लावून वाचलं: ३० अंशांच्या खाली ठेवावे, गोठवू नये. म्हणजे फ्रीजच्या दारात आगळाच्या बाटलीशेजारी ठीकच होत्या. दोन्ही कापडी पिशवीत घालून नेल्या. तिथल्या सिस्टरनी हात लावला नाही. "घरचा माल आम्ही लावत नाही, काका." औषधवाला_भाऊ, तुमचीच आठवण झाली.

पाणी साडेचार लिटर निघालं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी अल्ब्युमिन लिहिलंच नाही. मी विचारलं, कशासाठी नाही? (प्रश्न उलटाही चालतो हे कळलं.) म्हणाले, पाच लिटरच्या आत आहे, गरज नाही. संध्याकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले, केस पेपर बघून म्हणाले, मी असतो तर दोन बाटल्या दिल्या असत्या.

त्याच हॉस्पिटलात, त्याच खाटेपाशी. डॉ_खाडी, आता यावर काय म्हणाल?

---

डॉ_खाडी — १९ जुलै, रात्री १०:४८

दोघेही पुस्तकातलंच बोलले. अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचना पाच लिटरच्या आत सक्ती करत नाहीत, युरोपच्या म्हणतात कमी काढलं तरी द्या. तुमचे तरुण डॉक्टर अमेरिकेचं वाचतात, मोठे युरोपचं.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती आलं? आणि लघवी किती होतेय?

---

मिठगर — १९ जुलै, रात्री ११:०२

क्रिएटिनिन १.१, आधीएवढंच. लघवी बरी होतेय. सोमवारी परत तपासायला सांगितलंय. आत्ता घरी आहेत, दूधभात खाऊन झोपले. आई विचारतेय त्या दोन बाटल्यांचं काय करायचं.